नुसत्या भिंती वाचवून किल्ला वाचत नाही

इंग्लंडच्या मध्यभागात वॉरिक नावाचं जुनं गाव आहे. गावाच्या कडेने एव्हन नदी वाहते. नदीवरच्या दगडी पुलावर उभं राहिलं की समोर सरळसोट खडक, खडकावर तट आणि तटाच्या वरच्या अंगाला ओळीने मोठमोठ्या खिडक्या दिसतात. शत्रूला लांब ठेवण्यासाठी उभारलेल्या भिंतीत एवढ्या खिडक्या कुणी आणि कशासाठी पाडल्या, हे शोधायला लागलं की या किल्ल्याचा साडेनऊशे वर्षांचा हिशेब हाती येतो.

आज हा किल्ला मर्लिन ही करमणूक कंपनी चालवते. आत दगडफेकीचं अजस्र लाकडी यंत्र आहे, ससाण्या-गरुडांचे खेळ आहेत, मेणाचे पुतळे आहेत, अंधारकोठडीच्या नावाने घाबरवणारी नाटकं आहेत, मुक्कामाला लाकडी झोपड्या आहेत. इतिहासाची आवड असलेली माणसं हे पाहून हळहळतात आणि किल्ल्याची जत्रा केली म्हणतात. मला ही तक्रार अपुरी वाटते. किल्ल्यात पोरंबाळं हुंदडली, आरडाओरडा झाला म्हणून किल्ल्याचं काही जात नाही. वॉरिकचं जे गेलं ते जत्रा भरण्याच्या आधी, चढ्या भावाने आणि कायद्याच्या डोळ्यांदेखत गेलं. दगडांना संरक्षण देऊन सरकार मोकळं झालं आणि त्या दगडांच्या आत शतकानुशतकं साठलेला संसार बाजारात गेला. महाराष्ट्रात किल्ले खासगी हातांत द्यावेत की नाही यावर आपण अधूनमधून तावातावाने बोलतो. त्या वादात उतरण्याआधी वॉरिकची गोष्ट नीट पाहायला हवी.

विल्यम द कॉन्करर याने १०६८ मध्ये उत्तरेकडच्या मोहिमेवर जाताना इथे मातीचा उंच ढिगारा रचून त्यावर लाकडी कोट उभा केला. जागा अचूक हेरली होती. एका बाजूला नदी आणि कडा, म्हणजे निम्मा बंदोबस्त निसर्गानेच केलेला, आणि नदी ओलांडण्याची वाट कायम नजरेखाली. या कामासाठी कॉव्हेंट्रीच्या मठाधिपतीची चार घरं पाडली गेली. पुढे त्याच राजाने करवलेल्या जमीनमोजणीच्या नोंदींत त्या चार घरांचा उल्लेख राहिला. किल्ल्याच्या इतिहासात सामान्यांची पहिली नोंद येते ती घर गेल्याची, आणि हा धागा पुढे सुटत नाही.

लाकडाच्या जागी दगड आला. तेराव्या शतकात किल्ला बोशाँ घराण्याकडे आला आणि चौदाव्यात त्यांनी तो जवळपास नव्याने बांधला. आज चित्रात दिसतात ते दोन मोठे बुरूज त्यांचेच. नदीच्या बाजूचा सीझर्स टॉवर पायथ्यापासून सुमारे ४५ मीटर उंच आहे, तर दुसरा, गाय्ज टॉवर, १३९०च्या दशकात पुरा झाला, बारा बाजूंचा, सुमारे ३९ मीटर उंचीचा. सीझर्स टॉवरचा माथा पुढे आलेला आहे आणि त्या पुढे आलेल्या भागाच्या तळाशी फटी ठेवल्या आहेत, म्हणजे भिंतीला भिडलेल्या माणसावर वरून थेट दगड टाकता यावेत. याच बुरुजाच्या पोटात कैद्यांसाठी अंधारी खोली आहे. पण त्याच बुरुजात वरच्या मजल्यांवर राहण्याजोग्या खोल्याही आहेत. लढणं आणि राहणं ही दोन कामं इथे सुरुवातीपासून एकाच भिंतीत नांदत होती, आणि फ्रान्सच्या लढायांतून आलेल्या या उमरावांना शेजाऱ्यापाजाऱ्यांना आपला थाटही दाखवायचा होता.

सत्तेचा मामला तर विचारूच नका. दुसऱ्या एडवर्ड राजाचा लाडका पियर्स गॅव्हस्टन १३१२ मध्ये वॉरिकच्या अर्लने, म्हणजे इथल्या मोठ्या उमरावाने, पकडून याच किल्ल्यात आणला, आणि जवळच्या ब्लॅकलो टेकडीवर त्याचं डोकं उडवण्यात आलं. पुढे हाच किल्ला रिचर्ड नेव्हिलकडे गेला. राजे बसवणारा आणि उठवणारा म्हणून तो ओळखला जातो. त्याने १४६९ मध्ये चौथ्या एडवर्डला, म्हणजे ज्याला स्वतः गादीवर बसवलं त्यालाच, इथे कैदेत ठेवलं. दोन वर्षांनी बार्नेटच्या लढाईत नेव्हिल मारला गेला. पुढचं शतक किल्ला कधी राजघराण्याकडे, कधी मर्जीतल्या सरदारांकडे फिरत राहिला, आणि कुणाचंच धड लक्ष नसलेल्या वास्तूचं जे होतं ते झालं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तो मोडकळीला आला होता.

१६०४ मध्ये पहिल्या जेम्स राजाने तो सर फुल्क ग्रेव्हिल याला दिला. हा माणूस कवी होता, दरबारी होता, पुढे खजिन्याचा मंत्रीही झाला. त्याने किल्ल्यावर वीस हजार पौंडांहून अधिक खर्च केला. त्या काळात ही रक्कम डोळे पांढरे करणारी होती. लढाईची जागा राहण्यालायक वाडा झाली. १६२८ मध्ये त्याच्याच नोकराने मृत्युपत्राच्या रागातून त्याला भोसकलं. ही घटना लंडनच्या घरात घडली, तरी त्याचं भूत वॉरिकच्या नदीकाठच्या बुरुजात फिरतं अशी कथा आहे आणि तिच्यावर आज तिकिटं खपतात.

ग्रेव्हिलच्या खर्चाचं मोल कळायला आठ किलोमीटरवरच्या केनिलवर्थला जावं. तो किल्ला वॉरिकपेक्षा काही कमी नव्हता. एलिझाबेथ राणीची तिथली मेजवानी आजही सांगितली जाते. पण राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवी युद्धानंतर पार्लमेंटने १६४९ मध्ये तो निकामी करायचा ठरवला. मुख्य बुरुजाची एक अख्खी भिंत पाडली, भोवतालचं विशाल तळं फोडून रिकामं केलं. वॉरिकलाही १६४२ मध्ये वेढा पडला होता. पण इथला धनी, ग्रेव्हिल घराण्यातलाच दुसरा लॉर्ड ब्रूक, पार्लमेंटच्या बाजूचा. त्याच्या माणसांनी दोन-अडीच आठवडे किल्ला लढवला आणि तो टिकला. पुढेही तिथे एक घराणं राहत होतं, छपराची कौलं बदलत होतं, गळती थांबवत होतं. वापरातला किल्ला टिकतो, रिकामा ढासळतो, हे या दोन शेजाऱ्यांनी तीनशे-चारशे वर्षं समोरासमोर दाखवून दिलं आहे. म्हणून किल्ल्यात राहणं, किल्ला वापरणं, त्यातून पैसा उभा करणं या कशालाच माझा तात्त्विक विरोध नाही.

मात्र या राहण्याची किंमत कुणी मोजली, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

अठराव्या शतकात ग्रेव्हिलांना वॉरिकचे अर्ल ही पदवी मिळाली आणि किल्ल्याचं रूप पालटलं. कॅपेबिलिटी ब्राउन या उद्यानरचनाकाराने भोवतालची जमीन घडवली. जुन्या औपचारिक बागा जाऊन हिरवळीचे लांब उतार नदीपर्यंत आले आणि झाडं अशी लावली गेली की सगळं आपोआप उगवल्यासारखं वाटावं. व्हेनिसचा चित्रकार कॅनालेटो तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याच्याकडून किल्ल्याची पाच तैलचित्रं काढून घेतली. एकाच इंग्रजी वास्तूची त्याने इतकी चित्रं क्वचितच काढली असतील. रोमजवळच्या हेड्रियन सम्राटाच्या वाड्याच्या अवशेषांत सापडलेला संगमरवरी कलश सर विल्यम हॅमिल्टन यांच्यामार्फत घराण्याकडे आला. माणसाच्या उंचीएवढा हा कलश, आणि त्याच्यासाठी १७८०च्या दशकात बागेत काचेची खास इमारत बांधली. नदीकडच्या खिडक्यांमागे दिवाणखाने सजले. लाकडी नक्षीकाम, चिलखतं, भालेबरच्या, घराण्याच्या तसबिरी असा संग्रह पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेला.

याच काळात दुसऱ्या अर्लला वाटलं की किल्ल्याच्या पायाशी असलेली वर्दळ नजरेला खुपते. शेकडो वर्षं गावात येणारी वाट किल्ल्याच्या अगदी खालून, जुन्या पुलावरून जात होती. ती बंद झाली. रहदारी लांबून वळवून वरच्या अंगाला नवा पूल बांधला गेला. आज आपण ज्या पुलावरून किल्ल्याचा फोटो काढतो तो हाच. जुना पूल १७९५च्या पुरात मोडला आणि मोडकाच ठेवला, कारण नदीतल्या त्या तुटक्या कमानी वाड्याच्या खिडकीतून सुंदर दिसत होत्या. आजही त्या तिथे उभ्या आहेत, झुडपांनी वेढलेल्या. गावाचा हमरस्ता एका घराण्याच्या देखाव्यासाठी उठवला गेला, हे मला वॉरिकच्या इतिहासातलं सर्वांत बोलकं पान वाटतं. सुंदर आहे यात वाद नाही. पण हे सौंदर्य जितकं ग्रेव्हिलांच्या पैशातून आलं तितकंच गावकऱ्यांच्या सोडून दिलेल्या हक्कातून आलं, आणि तो हक्क कुणाच्या वहीत जमेला धरलेला नाही.

डिसेंबर १८७१ मध्ये आग लागली. मोठं दालन आणि राहत्या खोल्या जळाल्या. दुरुस्तीसाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायचं ठरलं. त्यावर कलासमीक्षक जॉन रस्किन यांनी जाहीर विरोध केला. ज्यांच्या हाती एवढी जमीन आणि एवढं उत्पन्न, त्यांच्या घरासाठी लोकांपुढे हात का पसरायचा, असा त्यांचा रोख होता. वर्गणी झाली, किल्ला पुन्हा उभा राहिला. मला रस्किन यांचा संताप समजतो, तरीही वर्गणी देणाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. ते अर्लसाठी देत नव्हते. तो किल्ला आपलाही आहे असं त्यांना वाटत होतं. चुकलं ते पुढे: लोकांचे पैसे घेतले आणि बदल्यात लोकांना कोणताही अधिकार मिळाला नाही. वर्गणीदाराचं नातं पावतीपाशी संपलं.

१८९५च्या हिवाळ्यात, बेकारी आणि कडाक्याच्या थंडीच्या दिवसांत, किल्ल्यात मोठा नाचाचा जलसा झाला. समाजवादी पत्रकार रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांनी त्यावर झोड उठवली. काउंटेस डेझी ग्रेव्हिल चिडून त्यांना जाब विचारायला लंडनला गेल्या. खर्चाने मजुरांना काम मिळतं, असा त्यांचा दावा होता. ब्लॅचफर्ड यांनी त्यांना उत्पादक आणि अनुत्पादक श्रमातला फरक समजावून सांगितला. त्या भेटीने त्यांचं आयुष्य बदललं, पुढे त्या उघडपणे समाजवादी चळवळीत आल्या. आज किल्ल्यात मेणाच्या पुतळ्यांमधून १८९८ सालची एक शाही मेजवानी दाखवतात. त्यात डेझीबाई आहेत, पाहुणे आहेत, झगे आणि दागिने आहेत. पण त्या खोल्यांत फिरताना प्रेक्षकाच्या मनात ठसते ती मेजवानी. मेजवानीवर झालेलं ते भांडण ठसत नाही. माझ्या मते वॉरिकने जगाला सांगावी अशी गोष्ट ती होती.

विसाव्या शतकात वारसाकर आणि घटत्या जमीन-उत्पन्नामुळे इंग्रज उमरावांचे वाडे एकामागून एक पाडले गेले. १९७७ मध्ये मेंटमोर टॉवर्स या वाड्याचं प्रकरण गाजलं. वाडा आतल्या संग्रहासकट सुमारे वीस लाख पौंडांत सरकारला देऊ केला होता. सरकारने नकार दिला. मग नुसत्या सामानाच्या लिलावातून साठ लाखांहून अधिक पौंड आले आणि तो संग्रह जगभर पांगला. या नामुष्कीतून धडा घेऊन १९८० मध्ये राष्ट्रीय वारसा निधी उभा राहिला. वॉरिकसाठी मात्र तो उशिरा आला. १९७८ मध्ये ग्रेव्हिलांनी किल्ला मेणाच्या पुतळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या तुसाद कंपनीला विकला.

संग्रहाची पांगापांग त्याच सुमारास झाली. कॅनालेटोची चित्रं आज कुठे आहेत पाहा: दोन बर्मिंगहॅमच्या संग्रहालयात, एक अमेरिकेत येल विद्यापीठाकडे, एक माद्रिदमध्ये. तो प्रचंड कलश न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतला होता, निर्यात परवाना नाकारला गेला म्हणून तो ग्लासगोच्या बरेल संग्रहात थांबला. वॉरिकच्या काचेच्या इमारतीत आता त्याची प्रतिकृती आहे. बर्मिंगहॅम आणि ग्लासगोच्या लोकांना त्या वस्तू पाहायला मिळतात, हे चांगलंच आहे. पण नदीकडच्या दिवाणखान्यात उभं राहून समोर कॅनालेटोचं चित्र आणि खिडकीतून तीच नदी, हे जे एका जागी दिसायचं ते कायमचं गेलं. या व्यवहाराने कोणताही कायदा मोडला नाही. संरक्षित वास्तूच्या भिंतीत नवी खिडकी पाडायला परवानगी लागते, पण भिंतीवर टांगलेलं चित्र उतरवून विकायला वास्तूचा कायदा आड येत नाही. चित्र देशाबाहेर जायचं असेल तेवढंच सरकार दारात उभं राहतं.

२००७ मध्ये तुसाद मर्लिनच्या हाती गेली, आणि त्याच वर्षी किल्ल्याची मालकी एका गुंतवणूक कंपनीला विकून मर्लिनने तो भाडेपट्ट्याने परत घेतला. साडेनऊशे वर्षांची वास्तू आता कुणाच्या तरी मालमत्तेच्या यादीतली एक ओळ आहे. किल्ला अर्लांच्या हाती होता तेव्हा निदान अर्लचं नाव लोकांना ठाऊक होतं. जाब कुणाला विचारायचा हे कळत होतं.

कंपनीच्या बाजूने बोलायचं तर तिने किल्ला उत्तम सांभाळला आहे. छपरं शाबूत आहेत, तटावर सुरक्षितपणे फिरता येतं, शाळांच्या सहली येतात. लहान मुलाला चिलखत घालून बघता येणं ही क्षुल्लक गोष्ट नाही, इतिहासाची गोडी अशीच लागते. केनिलवर्थची मालकी १९५८ पासून गावाकडे आहे आणि देखभाल इंग्लिश हेरिटेज ही वारसा जपणारी संस्था करते. तिथे सुंदर शांतता आहे, पण ती पडझडीनंतरची शांतता आहे. नॅशनल ट्रस्टसारखी संस्थाही देखभालीचा कायम निधी सोबत असल्याशिवाय सहसा वाडा घेत नाही. म्हणजे या तिघांपलीकडचा चौथा पर्याय आयता मिळत नाही. पण २०१५ मध्ये याच किल्ल्यात खेळ म्हणून फेकलेल्या पेटत्या गोळ्याच्या ठिणगीने नदीकाठचं शाकारलेलं नौकाघर जळालं. १८७१ ची आग अपघात होती. ही आग कार्यक्रमपत्रिकेतून आली. कमाईचा कार्यक्रम आणि वास्तूची निगा यांत संघर्ष झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, हे करारात स्पष्ट नसेल तर नेहमी कमाई जिंकते.

आता आपल्याकडे वळतो. सप्टेंबर २०१९ मध्ये राज्यातले पंचवीस किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या धोरणाची बातमी आली आणि गदारोळ झाला. शिवरायांशी नातं असलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही असं सरकारने सांगितलं आणि वाद जवळपास तिथेच शमला. तो तिथे शमायला नको होता. ज्यांच्याशी छत्रपतींचं नाव जोडलेलं नाही ते किल्ले कुणाचे? ते आपले नाहीत का? नळदुर्गच घ्या. बोरी नदीवर किल्ल्याच्या आतच बांध घातलेला, त्या बांधाच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला पाणीमहाल, आणि पुराचं पाणी नर-मादी धबधब्यांतून कोसळत असताना आत कोरड्या खोलीत बसता येतं. इतकी बुद्धिमान जलवास्तू महाराष्ट्रात दुसरी सापडणं कठीण. राज्याच्या स्मारक संगोपन योजनेत हा किल्ला दशकभरापूर्वी एका खासगी कंपनीकडे सोपवला गेला. साफसफाई झाली, बागा झाल्या, माणसं येऊ लागली. हे मी वाईट म्हणत नाही. पण हा करार नळदुर्गच्या गावकऱ्यांपैकी किती जणांनी वाचला असेल?

माझी मागणी साधी आहे. किल्ला कुणाच्याही हाती देण्याआधी त्यातल्या हलवता येण्याजोग्या प्रत्येक वस्तूची, तोफ, शिलालेख, कोरीव दगड, दरवाजा, मूर्ती, तोफगोळे, यांची छायाचित्रांसह यादी करा आणि ती तहसील कार्यालयात व संकेतस्थळावर लावा. करार मराठीत प्रसिद्ध करा. कंपनी बदलली, विकली गेली किंवा पट्टा दुसऱ्याकडे गेला तर करार आपोआप रद्द होऊन किल्ला राज्याकडे परत यावा. गडावरच्या देवळात, दर्ग्यात, टाक्यावर जाण्याची पूर्वापार वाट कोणत्याही कारणाने बंद करता येणार नाही, तिकिटाच्या नावाखालीही नाही. आणि पर्यटकांना काय सांगितलं जातं याची संहिता पुरातत्त्व खात्याने आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी तपासलेली हवी, नाहीतर दहा वर्षांत खऱ्या इतिहासाची जागा भुताच्या गोष्टी घेतील.

जुलै २०२५ मध्ये आपले अकरा आणि तामिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्याचा आनंद मलाही आहे. आता गर्दी वाढेल, निविदा निघतील, प्रस्ताव येतील आणि प्रत्येक प्रस्तावात रोजगाराचे आकडे असतील. त्या प्रस्तावांवर ग्रामसभेत बोलायला माणसं उभी राहिली तर त्यांच्या हातात किल्ल्यातल्या वस्तूंची ती यादी असली पाहिजे. ती तयार करायला ना मोठा निधी लागतो ना नवा कायदा. पुरातत्त्व खात्याची दोन माणसं, एक कॅमेरा आणि गडाखालच्या गावातली चार जाणती मंडळी पुरतात. पावसाळा संपला की काम सुरू करता येईल.